वजन वाढलंय, म्हणजे खाणं भरपूर आहे?

लठ्ठपणावरचा एक लेख नुकताच वाचला. ‘ज्याला दोन वेळची भ्रांत आहे, तो लठ्ठ कसा होईल?’ हा त्या लेखातला प्रश्न कुर्ल्याच्या आमच्या चाळीत कुणालाच पडणार नाही. पगार संपत आला की आधी दूध कमी होतं, मग डाळ पातळ होते, भाजी तर बंदच. राहतो तो भात, चपाती, साखर जास्त घातलेला चहा आणि खारी. वडापावच्या पैशात पाव किलो सफरचंदही येत नाहीत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक रेशन कार्डधारकांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३पासून तर मोफत. त्याचा आधार मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण मिळतात ते मुख्यतः गहू-तांदूळच. अंडी, फळं, भाजी स्वतःच्या खिशातून.

त्यात घरची बाई शेवटी जेवणार. माझ्या आईचं वर्षानुवर्षं हेच चाललं: डाळ-भाजी आम्हाला वाढून झाली की उरलेला भात आणि लोणचं. तिचं वजन वाढत गेलं आणि हिमोग्लोबिन मात्र कायम कमी. ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं, आणि याच वयोगटात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. लेखात सुचवलेला ‘सुकामेवा आणि सॅलड’ या ताटात कुठून आणायचा, तेवढं लेखकांनी सांगावं.