मातीची किंमत किती लिहू?

कुरियरवाल्यांनी पार्सल अडवलं होतं. 'आतला माल संशयास्पद.' मी पोचेपर्यंत काउंटरवरच्या पोराने पिशवी फोडून आतला तपकिरी भुसा कागदावर ओतला होता आणि चिमूटभर नाकाशी धरली होती.

"मशेरी आहे का?"

"माशाची अंडी आहेत."

झालं. रांगेत मागे उभे असलेले काका पाकीट काखेत मारून पुढे आले. "मासे? पाण्याशिवाय?"

सांगितलं. नोथोब्रँकियस फर्झेरी. झिम्बाब्वे-मोझांबिकच्या माळावर पावसाने साचलेल्या डबक्यांत राहतो. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी मात्र चिखलात महिनोन्महिने तग धरतात. म्हणून तर ओलसर पीटमध्ये, म्हणजे या तपकिरी भुशात घालून पाठवता येतात. डबक्याचा भरवसा नसल्यामुळे पिल्लू कधीकधी 14 दिवसांतच वयात येतं.

"चौदा दिवस!" काका हळहळले. "आमचे चिरंजीव बत्तीसचे झाले. परवा चांगलं स्थळ आलं, तर म्हणे अजून सेटल व्हायचंय."

"घर आटत नाही ना, काका," पोरगा मान वर न करता म्हणाला.

काकांनी ते ऐकलंच नाही. "मग जगतो किती?"

"चार-सहा महिने. तेवढ्यात म्हातारपणही उरकतो. रंग उडतो, पाठ वाकते. म्हणून तर शास्त्रज्ञ पाळतात."

"आणि गुडघे?"

"माशाला गुडघे नसतात हो."

"सुटला," काका मनापासून म्हणाले. मग मोबाइलवर नराचा फोटो बघितला. निळसर खवले, लालभडक शेपटी. मादी अगदीच मळकट, त्यावर "बरोबर आहे" असं का म्हणाले कोण जाणे. लांबी विचारली. दोन-अडीच इंच म्हटल्यावर त्यांचा रस संपला. "म्हणजे कालवण नाही."

हे चर्चासत्र चालू असताना भुसा पंख्याखाली सुकत होता, आणि माझं लक्ष त्यातल्या जेमतेम मिलिमीटरभर, अंबरी मण्यासारख्या एका अंड्याकडे होतं. पिशवीवर लाल शाईत 'उघडू नये' लिहिलेलं. आपल्याकडे ही सूचना आमंत्रण म्हणून वाचतात. 1968 मध्ये झिम्बाब्वेतल्या गोनारेझूच्या रानात फर्झरसाहेबांनी हा मासा पहिल्यांदा गोळा केला. तिथे हत्ती आहेत, पण हत्ती निदान पार्सल हुंगत नाहीत.

तक्रार करतो म्हणालो तर पोराने फॉर्म पुढे सरकवला. "मातीची किंमत किती लिहू?" माती नाही म्हटलं, तर "पावती दाखवा." छंदापायी आपसांत दिल्या-घेतलेल्या वस्तूची पावती कुठून आणू? किंमत शून्य, म्हणून भरपाई शून्य. सही मात्र तीन ठिकाणी.

कागदावरचं जमेल तेवढं मी पिशवीत भरलं. उरलेलं त्याने फडक्याने सारून दारातल्या मनीप्लँटच्या कुंडीत लोटलं. या माशाची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. पहिला पाऊस फसवा निघाला तर वंश बुडू नये म्हणून काही मागेच थांबतात. म्हणजे कुंडीतलीही जिवंत असण्याची शक्यता होतीच. दुसऱ्या दिवशी वाटीभर माती मागायला गेलो, तर म्हणाला, "आधारकार्ड आणलंय?"