हाफ इंजिन

"काका, हाफ इंजिन करावं लागेल," एवढं बोलून गॅरेजवाल्या पोराने हात पुसले. अर्धंच करायचं म्हणजे स्वस्तात सुटलो, असं मला वाटलं. पण हाफ इंजिन म्हणजे वरचा भाग: हेड, सिलिंडर, पिस्टन, रिंगा. खालच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, हात घातला की फुल. हाफचे साडेपाच हजार. माझ्या १९९४ च्या टू-स्ट्रोक स्कूटरला जुन्या बाजारात कुणी तेवढे दिले असते, तर मी त्याला वर पेढे वाटले असते.

"कळवतो" म्हणून गाडी ढकलत घरी आणली. ढकलताना माणसाला फार विचार सुचतात. टू-स्ट्रोकमध्ये चार-स्ट्रोकसारखी व्हॉल्व्हची भानगड नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. आमच्या छत्रीत याहून जास्त आहेत! शिवाय रोग मलाही कळला होता. किक हाताने दाबली तरी खाली जायची. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं की घट्ट व्हायची, कारण झिजलेल्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत यांमधली फट ऑइलने तात्पुरती बुजते. निदान जमलेल्या माणसाला ऑपरेशन जमणार नाही असं वाटतच नाही.

बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, हॉलमधलं घड्याळ तुम्हीच दुरुस्त केलंत ना?"

केलं होतं. ते आता आडवं ठेवलं तरच चालतं, म्हणून टीपॉयवर असतं आणि पाहुणे त्यावर कप ठेवतात.

"स्कूटर तर आधीपासूनच आडवी करावी लागते," ती म्हणाली. "तेवढं काम झालेलंच आहे."

मी लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पिस्टन किट, गॅस्केट आणि बोअर करायचे मिळून २,३००. बचत ३,२००. गोटी पान्यांचा सेट १,९००. बचत १,३००. हिशेब मी तिथेच थांबवला. बोअर घरी होत नाही. टर्नरकडे मशीनवर सिलिंडर पाव मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा पिस्टन घालतात. म्हणजे खरं काम दुसराच करणार. माझ्या वाट्याला खोलणं आणि जोडणं. त्यातलं खोलणं मला लहानपणापासून येतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो. शॉकअप्सरचा बोल्ट काढून इंजिन खाली टेकवलं. हेडचे चार नट. तीन सुटले. चौथ्याने दीड तास, अर्धी बाटली ऑइल आणि माझ्या अंगठ्याची साल घेतली. तोवर पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर खुर्ची घेऊन खाली आले होते. त्यांना स्कूटरमधलं काही कळत नाही, पण "उलटा फिरवा" हे त्यांनी अकरा वेळा सांगितलं. अकराव्यांदा ते बरोबर निघालं, हे मला अजून सलतंय.

पिस्टनची पिन दोन्ही बाजूंना तारेच्या बारीक लॉकने अडवलेली असते. ते काढताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं. लॉक आत पडलं तर हाफचं फुल होतं. हे मला पाठ होतं. फडकं कोंबलं, नोज प्लायरने लॉकचं टोक धरलं, ओढलं. टिंग.

मग नुसती शांतता.

मॅनेजर म्हणाले उजवीकडे, वॉचमन म्हणाला डावीकडे. दहा रुपयांचं बक्षीस लावताच सोसायटीतली पोरं गाड्यांखाली शिरली. तासाभरात तीन वॉशर, एक कानातलं आणि कुणाचीतरी दाताची कवळी मिळाली. एका चिमुरडीने तर स्वतःच्या केसातली पिन काढून दिली, "काका, ही चालेल?" मी फडकं सात वेळा झटकलं. रात्री दोनला बॅटरी घेऊन खाली जाऊन आठव्यांदा झटकलं.

सोमवारी पिस्टन, सिलिंडर, हेड भाजीच्या पिशवीत घालून गॅरेज गाठलं.

पोराने पिशवीत डोकावून विचारलं, "काका, बाकीची गाडी?"

"पार्किंगमध्ये. एक लॉक सापडत नाहीये. बहुतेक आत..." मला पुढे बोलवेना.

त्याने पिस्टन उचलला. अर्धवट बाहेर आलेली पोकळ पिन उजेडाकडे धरली, आत करंगळी घातली आणि काळ्या ऑइलमध्ये चिकटलेलं लॉक नखाने बाहेर ओढलं.

"हाफच आहे अजून," तो म्हणाला.