गरम पाण्याची वाटणी

वर स्लॅबवर 200 लिटर कढत पाणी, सोलरचे अर्धे पैसे माझे, आणि काल सकाळी मी खाली तोंडाला साबण लावून गार धारेखाली कुडकुडत उभा. पुण्यामुंबईवाल्यांना वाटते विदर्भात बारा महिने ऊनच असते. राजेहो, 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर गेला होता, आणि आमचं गाव तिकडे आर्वीकडे, घराला लागून वावर, गव्हाला पाणी सुरू, आता समजून घ्या.

भानगड अशी की दादाचं बाथरूम टाकीच्या बरोबर खाली आणि माझं मागच्या नव्या बांधकामात. पाऊण इंची पाईप 60 फूट हिंडून माझ्याकडे येतो, त्यात साडेपाच लिटरच्या आसपास पाणी रात्रभर गारठत बसलेलं असते, ते आधी सोडायचं, मग गरमची वाट पाहायची. तेही चालून जाते. पण दादाकडे कोणी नळ उघडला की माझी धार करंगळीएवढी, कारण पाण्याला जवळचा रस्ता सोपा. उपाय साधा आहे, जवळच्या लाईनचा कॉक थोडा आवळायचा म्हणजे दूरच्याला पोचते. थंड देशांत घरं गरम ठेवायला भिंतीला रेडिएटर असतात, तिथेही हेच करतात, बॉयलरजवळच्याचा व्हॉल्व्ह आवळतात आणि टोकाच्याचा मोकळा ठेवतात. फक्त तिथे पाना घेऊन निघालेल्या माणसाकडे अख्खा मोहल्ला पाहत नसावा.

हे काम खरं तर ज्याने सोलर बसवलं त्याचं. "मेंटेनन्स काहीच नाही भाऊ," असं सांगून पैसे घेऊन गेला. फोन केला की "निघालो भाऊ, रस्त्यातच आहो." पोळ्यापासून रस्त्यातच आहे.

म्हणून मीच चढलो. शेजारच्या स्लॅबवर काकाजी ऊन खात खर्रा घोटत बसलेले. रिटायर माणूस, ऐकायला जरा कमी येते, पण ऐकायचं ते बरोबर येते.

"काय करून राह्यला बापू?"

"काही नाही काकाजी, कॉक आवळून राहिलो."

"कोनाचा?"

"दादाच्या बाथरूमचा."

खर्रा घोटणारा हात थांबला. "भावाचं पानी तोडून राह्यला?"

"तोडत नाही हो, बॅलन्स करतो. त्याच्याकडे जास्त जाते, माझ्याकडे कमी येते."

"आमच्याकडं असंच झालतं," काकाजी एकदम खूश. "इहीर एक, मोटारी दोन. मी बी म्हनलो होतो, तुले जास्त जाते, मले कमी येते. मंग धुऱ्यावरून लागलं. मंग आंब्याच्या झाडावरून. मंग कोर्ट. वकील मेला, त्याचा पोट्टा वकील झाला, केस चालूच हाये."

"काकाजी, हे सोलरचं पाणी आहे. अंघोळीचं."

"पानी कोन्तंबी असो. किती आवळला?"

"दीड फेरा."

"कागदावर घेतलं काय?"

"कशाला?"

"दीड फेरा म्हनून लिहून घे. दोन पंच, दोन सह्या. उद्या तो म्हनन दोन फेरे होते, तू काय दाखवशील?" मग आवाज खाली आणून (म्हणजे चार घरांना ऐकू जाईल इतकाच), "आन् ओढ्याकडचं वावर तू घे. काळी जमीन हाये. दादाले बरड दे."

मी कॉक तसाच ठेवून खाली आलो.

एवढं करूनही पाणी कोमटच. शेवटी गावातला नळवाला पोट्टा आला आणि त्याने खरं दुखणं काढलं. दिवाळीत दादाने शॉवरसाठी थंड लाईनवर छोटा प्रेशर पंप बसवला. त्याच्या हातशॉवरचं फक्त टोकाचं बटन बंद करतात, मिक्सरच्या गरम-थंड दोन्ही चाव्या उघड्याच राहतात. मग थंड पाणी जोरात मिक्सरमधून गरम लाईनमध्ये घुसते आणि तिथून माझ्या डोक्यावर येते. दोन्ही चाव्या बंद करा, नाहीतर गरम लाईनला एका बाजूनेच उघडणारा व्हॉल्व्ह टाका, विषय संपला.

पण हे वहिनीला सांगायचं कोणी? तोवर दुपार झाली होती. पानठेल्यावर एका माणसाने, ज्याच्याशी माझं धड बोलणंही नाही, मला बाजूला घेऊन ओढ्याकडच्या वावराचा भाव विचारला. दादा रात्री पानावर बसला तो मुकाट्याने जेवला, आणि वहिनीने भाकरी वाढताना "अर्धी देऊ की बॅलन्स करू?" असं विचारलं. मी गारठलो, मला शिंका येऊन राहिल्या, हे एकाही माणसाला दिसलं नाही. या गावात माणूस न्युमोनियाने गेला तरी मयतीला आलेले लोक सातबाऱ्यावर कोणाचं नाव लागते तेच विचारतील. आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते काकाजी कालपासून दोनदा आमच्याकडे चहा पिऊन गेले, आलं टाकून.

आज अमरावतीहून ताईचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "2005 च्या कायद्याने मुलीचाही मुलाएवढाच हक्क आहे, माहीत आहे ना?"

मी तिला जवळचा नळ, दूरचा नळ, 60 फूट पाईप, मिक्सर, प्रेशर पंप, सगळं शिंकत शिंकत समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते असू दे," ती म्हणाली, "सोलर कोणाच्या हिश्शात जाऊन राहिलं?"