डेमो खरं बोलला, ट्रेलर खोटं

नवीन गेमचा ट्रेलर आला की कॉलेज रोडवरची पोरं हातातला चहा संपायच्या आत प्री-ऑर्डर करून मोकळी होतात. करा बापडे, पैसे तुमचे. पण गेम विकत घ्यायच्या आधी खेळून बघायचा असतो, हेच आता कुणाला सुचत नाही.

'मेटल गिअर सॉलिड 2' या गेमचा डेमो, म्हणजे आधी खेळून बघायला दिलेला छोटा तुकडा, ज्यांनी खेळलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मार्च 2001 मध्ये कोनामी कंपनीने तो 'झोन ऑफ द एंडर्स' या दुसऱ्या गेमसोबत दिला. त्या रोबोंच्या गेमपेक्षा या जादा डिस्कसाठीच कितीतरी जणांनी पैसे मोजले. नाशकात आमच्या हाती ती लागली बरीच उशिरा, गंगापूर रोडच्या एका गेम पार्लरमध्ये. तोवर पूर्ण गेम बाहेर शिळासुद्धा झाला होता. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली की पुन्हा पुलावरून उडी, पुन्हा पावसातलं ते जहाज.

आणि आम्ही मिशन सोडून काय करायचो, तर बाटल्या फोडायचो! जहाजावरच्या बारमध्ये प्रत्येक बाटली वेगळी फुटायची. बर्फाचं भांडं सांडलं की खडे जमिनीवर हळूहळू वितळायचे. पहारेकऱ्याच्या रेडिओवर गोळी मारली तर त्याला मदत मागवता यायची नाही. तुमची सावली कोपऱ्याबाहेर गेली की तो सावध. आजही कुठलाही गेम लावला की मी आधी टेबलावरच्या वस्तूंवर गोळ्या झाडतो. काही हललं नाही की निम्मा उत्साह तिथेच जातो.

पुढे पूर्ण गेममध्ये जहाज संपलं आणि डेमोतला हिरो स्नेक बाजूला. हातात रायडन नावाचा नवाच पोरगा! गेमचा दिग्दर्शक कोजिमाने हे गेम बाहेर येईपर्यंत लपवलं होतं, ट्रेलरमध्ये तर रायडनच्या जागी स्नेक दाखवला होता. फसवलं म्हणून पुष्कळ बोंबाबोंब झाली. पण नीट बघा, डेमोने काय फसवलं? त्यात स्नेक होता, जहाज होतं, जहाजावरच्या ओल्गाशी मारामारी होती. पूर्ण गेममध्ये ते सगळं आहे. थाप मारली ती ट्रेलरने.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात छोटे स्टुडिओ अजून डेमो देतात, त्यांचं कौतुकच आहे. माझी तक्रार आहे ती पाच-पाच हजारांना गेम विकणाऱ्या मोठ्यांबद्दल. तासभर खेळायला द्या की राव. आवडला तर घेऊ, नाहीतर तेवढ्यात घरच्यांना मिसळ खाऊ घालू.