खेळण्यावर ‘सीई’ आहे म्हणजे सरकारी तपासणी झाली, असं नाही

‘बोलणारं पुस्तक, मुलांचा लॅपटॉप घेताना सीई शिक्का बघा; तो असला की खेळणं सरकारनं तपासलेलं असतं’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

सीई ही युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे आणि ती उत्पादक स्वतःच लावतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी मानक आहे आयएस १५६४४. मार्कखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे का, हे लगेच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

आणि खेळणं उलटं करून बॅटरीचं झाकण बघाच. नखानं उघडत असेल तर घेऊ नका. आतला बटण सेल (बटणासारखी गोल, चपटी बॅटरी) गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. अशा वेळी घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.