संसाराचं गाऱ्हाणं पुण्या-मुंबईतून आलेलं नाही

गेले काही दिवस नात्यागोत्याच्या, गावाच्या, शाळेच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. परभणी, बीड, जालना, जिथं जिथं बोलणं झालं तिथं तो पोचलेला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या मराठी साहित्यातली बाई संसारात सुखी होती. पतिसेवा आणि आईपण यातच बाईच्या जन्माचं सार्थक आहे, हे संतांनी सांगितलं आणि जात्यावरच्या ओव्यांनी गायलं. संसाराचं रडगाणं इंग्रजी शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या लेखिकांनी आणलं आणि त्यापायी घरं मोडली. म्हणून लेकीबाळींना असलं काही वाचायला देऊ नका, आपल्या मराठवाड्याच्या मातीतलं द्या.

मातीतलं द्या, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या मातीत काय लिहिलं गेलं ते एकदा नीट बघू.

संतांनी पतिसेवाच सांगितली, याला पुरावा म्हणून मजकुरात संत बहिणाबाईची ओळ दिली आहे, ‘भ्रताराची सेवा तोचि आम्हां देव’. ओळ तिचीच आहे, त्यात वाद नाही. ही बहिणाबाई आपलीच. 1628 साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मली, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी आहे. (खान्देशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या अडीचशे वर्षांनंतरच्या.) ज्या गाथेत ही ओळ आहे, त्याच गाथेत बहिणाबाईनं स्वतःची हकिगत अभंगांतून सांगितली आहे. बाहुलीशी खेळायच्या वयात लग्न झालं. नवरा बिजवर, तिशीचा. भाऊबंदकीच्या तंट्यात घर सुटलं आणि भटकत भटकत सगळे कोल्हापूरला पोचले. तिथं कीर्तनाला जाताना या पोरीमागं कपिला गाईचं वासरू यायचं. कीर्तनकार जयरामस्वामींनी वासराच्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्यानं वेणी धरून तिला मारलं, बांधून टाकलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिला बांधलेलं बघून गाय आणि वासरू चारा-पाणी तोंडी लावीनात, हेही तिनंच सांगितलं आहे.

पुढं तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवरा पुन्हा बिथरला. ती गरोदर असताना तो तिला टाकून निघायला तयार झाला होता. शूद्राला गुरू करणारी बायको त्याला घरात नको होती. मग तो आजारी पडला, पश्चात्ताप झाला आणि दोघं देहूला गेली. पतिसेवेचे अभंग या सगळ्याच्या शेजारी उभे आहेत. आणि त्यांच्या जोडीला हेही आहे:

‘वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ।
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आता कैची ।।’

बाईच्या संगतीत हित नाही असं शास्त्र ओरडून सांगत असेल, तर ज्या जिवाला देहच बाईचा मिळाला त्यानं जायचं कुठं? इतका थेट प्रश्न विचारणारी बाई सतराव्या शतकात देवगाव-शिऊरकडची होती. तिच्या गाथेतली एक ओळ तोडून घ्यायची आणि मार, बांधणं, हा प्रश्न हे सगळं मागं टाकायचं, याला मी अन्याय म्हणते. तिचं लेकरावरचं प्रेमही त्याच गाथेत आहे. शेवटच्या दिवसांत ती मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपल्या मागल्या जन्मांची कथा सांगते. माया आणि गाऱ्हाणं एकाच तोंडून येतं. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

आईपणातच बाईचं सार्थक, असं संतांनी सांगितलं म्हणे. गंगाखेडची जनाबाई आणि आपेगावची मुक्ताबाई, संत स्त्रियांतली ही सगळ्यात जास्त ओठांवर असलेली दोन नावं. दोघींचा संसार नाही, दोघींना मूलबाळ नाही. त्यापायी मराठी माणसानं त्यांना कधी अपुरं मानलं नाही. जनाबाईनं ‘लेकुरवाळा’ हा शब्द वापरला तो विठोबासाठी. पोरांनी लगडलेली आई तिच्या अभंगात कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव आहे. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’, म्हणजे घरकामाला हात लावणाराही तोच. जन्मभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या बाईला ही कल्पना का सुचावी, याचा विचार दळण-सरपण केलेली कुठलीही बाई लगेच करू शकते. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी’ हेही जनीच्याच नावावर आहे. डोक्यावरच्या पदरावर ज्या घरात सुनेची किंमत ठरते, तिथं ही ओळ मोठ्यानं म्हणून बघावी.

आता ओव्या. ओव्यांत माहेरचा अभिमान आहे, भावाचं कौतुक आहे, लेकाला नजर लागू नये म्हणून जीव टाकणं आहे. पण ‘अस्तुरी जन्मा नको घालू सख्याहरी’ हीसुद्धा ओवीच आहे. बाईचा जन्म पुन्हा देऊ नको म्हणणारी ही बाई इंग्रजी सोडा, मराठी अक्षरही शिकलेली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जमवायला सुरुवात केलेल्या ओव्यांचा साठा आज 1 लाखावर गेला आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातही त्यांनी 1996 साली ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या साठ्यात देव आहेत, भाऊ आहेत, बाबासाहेब आहेत आणि सासुरवासही आहे. गाऱ्हाणं जात्यापाशीच का निघायचं, हे ज्यानं पहाटेचं दळण पाहिलंय त्याला ठाऊक आहे. घर झोपलेलं असतं. समोर जाऊ किंवा शेजारीण, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक जात्यात दाण्यांची वैरण घालते, दुसरी ओवी उचलते. जात्याच्या घरघरीत बोललेलं आतल्या खोलीत ऐकू जात नाही. सुनेला मन मोकळं करायला दिवसभरात तेवढीच जागा.

आणि पैठणचे एकनाथ महाराज? त्यांचं भारूड तर जत्रेत, सप्त्यात आजही चालतं. ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’. ही सून देवीला काय मागते? सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडंच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. दादला मारून आहुती देईन, मोकळी कर गे मला. शेवटी, सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला. यावर उत्तर तयार असतं की हे रूपक आहे, सासरा म्हणजे अहंकार आणि दादला म्हणजे अविवेक. बरोबर आहे, नाथांना तेच सांगायचं होतं. पण रूपक लोकांना कळायचं तर आधी त्यातली गोष्ट ओळखीची लागते. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या श्रोत्यांना जाचलेली सून ओळखीची होती, म्हणून तर नाथांनी तिच्या तोंडून अध्यात्म बोलवलं.

इंग्रजी शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या बायकांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये निघालं. लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे जालन्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या. आणि नाथ, जनाबाई, बहिणाबाई यांच्या काळात आपल्याकडं इंग्रजी पुस्तक पोचायचा प्रश्नच नव्हता.

राहिली घरं मोडल्याची गोष्ट. ती मोडतात, हे मी नाकारत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणी जिल्ह्यात 48 टक्के निघाल्या, बीडमध्ये जवळपास 44. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर असते. एकीनं दुखणं काढलं तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. पाळी, अंगावरून जाणं, बाळंतपण, सगळं फडावरच. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आईपणाची एवढी थोरवी गाणाऱ्या मजकुरात या बायकांबद्दल एक शब्द नाही. यांच्यातल्या किती जणींच्या हातात कधी कादंबरी पडली असेल? यांचं घर उचलीनं, दुष्काळानं आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नानं पोखरलं.

तरी मजकुराचं ऐकून संसाराचं गाऱ्हाणं असलेलं साहित्य मुलींपासून दूर ठेवायचंच ठरवलं, तर काढायला सुरुवात पैठणच्या भारुडापासून करावी लागेल. मग शिऊरची गाथा, मग गंगाखेडच्या जनीचा तो अभंग, मग माजलगावच्या ओव्या. पुण्या-मुंबईच्या लेखिकांचा नंबर पुष्कळ नंतर येईल.