‘मोबाईल असताना रेडिओ कशाला?’ या फॉरवर्डला माझं उत्तर

मृग लागला की एक मेसेज थोडाफार बदलून दरवर्षी येतो. यंदाही तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, मग गावच्या. त्याचा गोषवारा असा: ‘पावसाळ्याच्या तयारीच्या याद्यांमध्ये अजून बॅटरीवरचा रेडिओ लिहितात. आता २००५ नाही. नेटवर्क पडत नाही. इशारा थेट फोनवर येतो. रेडिओ हवाच असेल तर तोही फोनमध्ये आहे. रेडिओवर नुसती गाणी लागतात, त्याला काही विचारता येत नाही, आणि मुंबईत रेडिओ उरलाय कुणाकडे?’

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझी मावसबहीणही आहे. ती विचारी बाई आहे, म्हणूनच मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिला मुद्दा, नेटवर्क पडत नाही. मी २६ जुलै २००५ ला कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका चाळीत होतो. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. शहराच्या एका टोकाला लोक छत्री मिटून चहा पीत होते आणि आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. संध्याकाळी वीज गेली, मोबाईल लागेनात, मग लँडलाइनही मुकी झाली. तळमजल्यावरची सगळी माणसं जिन्यात येऊन बसली.

वरच्या मजल्यावरच्या काकांकडे दोन जाड्या सेलांचा एक ट्रान्झिस्टर होता. टॉर्चही दोन जाड्या सेलांचीच. आणि सगळ्या जिन्यात मिळून चालणारे सेल दोनच. तास भरत आला की काकू टॉर्चचं बूड फिरवून सेल काढायच्या, ट्रान्झिस्टरमध्ये घालायच्या, आणि जिना काळामिट्ट व्हायचा. त्या काळोखात बातम्या ऐकायच्या, मग सेल परत टॉर्चमध्ये. एकदा घाईत सेल उलटा बसला आणि काही क्षण आवाजही नाही न् उजेडही नाही, तेव्हा जिन्यातली सगळी कुजबूज थांबली होती ती मला अजून आठवते.

बाबा दादरला ऑफिसात होते. आई त्यांना शोधायला निघाली होती, साडी खोचून, चपला हातात घेऊन. गाड्या बंद आहेत, माणसं ऑफिसांत आणि स्टेशनांत थांबली आहेत, जिथे आहात तिथेच राहा, पाण्यातून निघू नका, हे तिने त्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि ती परत पायरीवर बसली. गल्लीत मॅनहोल कुठे उघडं आहे हे त्या पाण्यात कुणालाच दिसत नव्हतं. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. ती रात्री निघाली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

‘ते जुनं झालं’ हे उत्तर मला माहीत आहे. पण फोर-जी म्हणा की फाइव्ह-जी, टॉवर चालतो विजेवर. वीज गेली की त्याची बॅटरी काही तास पुरते, पुढे डिझेल जनरेटर, आणि रस्त्यावर कमरेइतकं पाणी असताना डिझेल पोचवणार कोण? शिवाय टॉवर शाबूत असला तरी त्याला एका वेळी किती फोन सांभाळता येतील याची मर्यादा असते, आणि संकटात सगळं शहर एकाच मिनिटाला फोन लावतं. रेडिओला गर्दी होत नाही. एकाने ऐकला काय, दोन कोटींनी ऐकला काय, लहरी सोडणाऱ्या प्रक्षेपकाला त्याचा पत्ताही लागत नाही. शहराला टॉवर शेकड्यांनी लागतात. उंचावरचा एक चांगला एफएम प्रक्षेपक कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत पोचतो. म्हणजे वाचवायची जागा एक, डिझेल साठवायची जागा एक.

आणि २००५ नंतर काय झालं तेही बघू. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी ना पूर होता ना वादळ. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडात शिरलं. मुंबई थोडक्यात वाचली, पण श्रीवर्धन-मुरूडकडची कित्येक गावं दिवसेंदिवस विजेविना आणि मोबाईलविना राहिली. मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांना गावी आई-बाप जिवंत आहेत का हे कळायला दोन-दोन दिवस लागले. परदेशात सगळं पक्कं असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: २०१७ च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोमधले ९५ टक्के मोबाईल टॉवर बंद पडले होते, आणि बेटावर मध्यमलहरींवरचं (मीडियम वेव्हवरचं) एक रेडिओ केंद्र बोलत राहिलं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली तेव्हा माणसं गाड्यांचे रेडिओ लावून रस्त्यात घोळका करून ऐकत होती आणि दुकानांत बॅटरीचे सेट शोधत होती.

दुसरा मुद्दा, इशारा थेट फोनवर येतो. हे खरं आहे आणि ते उत्तम काम आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने किंचाळले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला, तो सेल ब्रॉडकास्टचा प्रयोग होता. हा संदेश एसएमएससारखा एकेका नंबरवर जात नाही, टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या हँडसेटवर एकदम उमटतो, त्यामुळे गर्दीत अडकत नाही. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण तो उमटायला टॉवर जिवंत लागतो. आणि तो दोन ओळींचा संदेश असतो: अमुक येतंय, सावध राहा. आल्यानंतरच्या चोवीस तासांत माणसाला जे लागतं ते दोन ओळींत मावत नाही. पाणी कुठे ओसरतंय, कोणती शाळा रात्रीच्या मुक्कामाला उघडली, टँकर कुठे येतोय, नळाचं पाणी उकळायचं का, उद्या परीक्षा आहे का. हे तासातासाला बदलतं आणि ते कुणीतरी बोलत राहावं लागतं. शिवाय ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, ज्यांना अक्षरओळख नाही, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना तो किंचाळणारा फोन कुठे दाबून गप्प करायचा हेच समजत नाही, त्यांना बोललेलं समजतं.

इथे मला मेसेजमध्ये नसलेली, पण त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगायची आहे. २८ जुलै २००५. पाणी ओसरू लागलं होतं. जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत संध्याकाळी आवई उठली की धरण फुटलं, लाट येतेय. काहींनी तर सुनामी म्हटलं, सात महिन्यांपूर्वीचीच सुनामी सगळ्यांच्या डोक्यात होती. अरुंद गल्ल्यांतून माणसं पळत सुटली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून जास्त जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. त्यांना पाण्याने नाही, एका वाक्याने मारलं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. आज तेच वाक्य, सोबत कुठल्यातरी देशातल्या फुटलेल्या धरणाचा व्हिडिओ, पाच मिनिटांत शंभर ग्रुपवर जाईल. फोन चालू असणं म्हणजे खरी माहिती मिळणं नव्हे. नेटवर्क असेल तेव्हाही सगळ्यांनी ओळखलेला, नाव सांगून बोलणारा, चुकला तर त्याच जागी दुरुस्ती करणारा एक आवाज लागतो. ‘तुळशी, विहार, सगळे तलाव सुरक्षित आहेत’ हे एका जबाबदार माणसाने दर दहा मिनिटांनी म्हणत राहणं, एवढ्यानेच एखादी वस्ती जागेवर थांबू शकते.

‘रेडिओ फोनमध्येच आहे’ यात मोठी गफलत आहे. आपण अ‍ॅपवर ऐकतो तो रेडिओ इंटरनेटवरून येतो. नेट गेलं की तोही गेला. खरा रेडिओ म्हणजे फोनमधला एफएम रिसीव्हर, हवेतून लहरी पकडणारा. तो कित्येक नव्या फोनमध्ये नसतो किंवा असून बंद ठेवलेला असतो. म्हणूनच २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांना सूचना काढली की एफएम रिसीव्हर द्या आणि चालू ठेवा, आपत्तीत तो लागतो. ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनाही बहुधा वायरवाले इअरफोन खोचावे लागतात, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. तुमच्या घरात वायरवाले इअरफोन शेवटचे कधी दिसले? आत्ता उठून बघा. मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, आणि रेडिओ लागतो का ते तपासा. आमच्या घरच्या चार फोनांपैकी एकात लागला. आणि नेटवर्क शोधत राहणारा फोन नेहमीपेक्षा लवकर संपतो, तर दोन पेन्सिल सेलांवरचा छोटा सेट रोज तासभर ऐकला तर महिनाभर सहज जातो.

‘नुसती गाणी लागतात.’ यात तथ्य आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. पण २०११ च्या धोरणानुसार वाहतूक, हवामान, वीज-पाणी आणि नैसर्गिक आपत्तीबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती त्यांना सांगता येते. म्हणजे दार उघडं आहे. आपत्तीच्या वेळी महापालिकेच्या नियंत्रण कक्षातून प्रत्येक स्टुडिओपर्यंत थेट लाइन हवी, कोण बोलणार ते आधी ठरलेलं हवं आणि दर जूनला त्याची रंगीत तालीम व्हावी, ही मागणी आपण करायला हवी. साधन नीट वापरलं जात नाही म्हणून ते टाकून द्यायचं, हा कुठला न्याय? आकाशवाणीला तर बातम्यांची अडचण मुळात नाहीच. १९२७ मध्ये देशातलं पद्धतशीर प्रसारण याच शहरातून सुरू झालं. चर्चगेटजवळची ती इमारत मुंबईकरांनी इतकी वर्षं पाहिली आहे की ती आता दिसेनाशी झाली आहे.

‘काही विचारता येत नाही’ हेही बरोबर. विचारायला महापालिकेचा १९१६ नंबर आहे, लागला तर. सगळंच मुकं झालं तर बिनतारी संचावर एकमेकांशी बोलणारे परवानाधारक हौशी रेडिओचालक (हॅम) आहेत, २००१ च्या भूकंपात भुजमधून निरोप बाहेर काढायला तेच कामाला आले. पण पुरात अडकलेल्या बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात, त्यांची उत्तरं एकदाच, सगळ्यांना देता येतात.

आणि मुंबई म्हणजे फक्त लोकल आणि सोसायट्या नव्हेत. वर्सोवा, मढ, ससून डॉक इथून सुटलेल्या बोटी किनाऱ्यापासून काही मैलांवर गेल्या की मोबाईलची रेंज संपते. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या दक्षिणेतल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचलाच नाही, हे देशाने पाहिलं. त्यानंतर बोटींसाठी उपग्रहावरून संदेश घेणारं यंत्र आलं, ते चांगलंच झालं. तरी मध्यमलहरींचा गुण विसरू नये: खाऱ्या पाण्यावरून त्या जमिनीपेक्षा कितीतरी लांब जातात, जिथे एफएम क्षितिजापलीकडे गेला की संपतो. गेल्या काही वर्षांत देशभरातली मध्यमलहरींची बरीच प्रक्षेपण केंद्रं खर्चिक म्हणून बंद झाली. विजेचं बिल मोठं येतं हे मान्य आहे. पण किनाऱ्यावरच्या केंद्रांचा हिशेब श्रोत्यांच्या संख्येने करू नये. अग्निशमन दलाचा हिशेब आपण रोज किती आगी लागतात यावर करत नाही.

शेवटचा प्रश्न, रेडिओ उरलाय कुणाकडे. फारच थोड्यांकडे, हे खरं. पण मजल्यावर एक पुरतो. फोन एकाच्या कानाला लागतो, ट्रान्झिस्टर जिन्यात ठेवला की वीस माणसं ऐकतात. रस्त्यावरच्या बऱ्याच टॅक्सींत, बऱ्याच गाड्यांत आजही तो असतोच.

मावसबहिणीसाठी, आणि ज्यांना हे पटलं त्यांच्यासाठी: सेट साधा घ्या, सेलांवर चालणारा. नुसता चार्जिंगचा नको. सेल आत घालून ठेवू नका, पाझरून पट्ट्या गंजतात. रबर लावून सेटला बांधून ठेवा, आणि टॉर्चसाठी वेगळे घ्या. मागच्या बाजूला चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहा: एफएम गोल्ड १००.७, रेनबो १०७.१, विविध भारती १०२.८. महिन्यातून एकदा लावून बघा. आमचा सेट फ्रिजवर असतो, लेकीला काळोखात हाताने सापडेल अशा जागी.